बाबांना दिसलेली डावी गाठ

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. अंतर्यामी बाबा डोळे मिटून एकेकाच्या घरातलं गुपित चारचौघांत सांगत होते आणि माणसं हमसाहमशी रडत त्यांच्या पायांवर लोळत होती. माझ्या धाकट्या बहिणीचा नंबर आला.

"बाळ, डाव्या स्तनात गाठ आहे. नवऱ्यालाही सांगितलं नाहीस. सुरी लावलीस तर मेलीस! आमचं पाणी पी."

ती पांढरीफटक पडली. सख्ख्या बहिणीला गाठ आहे हे मला तीनशे लोकांसोबत कळत होतं. राग आला, पण खरं सांगते, त्याआधी भीती वाटली.

घरी तिने एकच धोशा लावला. "ताई, मी एकाही जिवंत माणसाला सांगितलं नव्हतं गं. बाबांना दिसलंच ना? आता दवाखाना नाही."

हातापाया पडून मी तिला नुसत्या तपासणीला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ आहे, पण उजवीकडे. डावीकडे काहीच नाही."

"मग बाबांना डावी कशी दिसली?" मी विचारलं.

बहीण कपडे शिवते. ती म्हणाली, "मीच फोनवर 'डावी' लिहून उपाय शोधले होते. दुकानातल्या आरशात बघितलं ना. समोर गिऱ्हाईक असलं की माझ्या उजव्या हाताला त्याची डावी बाजू येते. वीस वर्षांची सवय, आरशातल्या मलाही तसंच मोजलं."

मी तिचा फोन हातात घेतला. दर्शनाचा नंबर बाबांच्या ॲपवरच मिळायचा. 'पडद्यावरचं सगळं वाचू का?' असं ते विचारायचं आणि नंबर हुकू नये म्हणून आम्ही 'हो' दाबत सुटलो होतो.

पुढच्या दर्शनाआधी मी फोनवर रोज लिहिलं, 'वारलेल्या जुळ्या भावाची आठवण येते.' मला भाऊच नाही. बाबांनी मात्र त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी आणलं, वर त्याचा निरोपही दिला! मी भर सभेत सगळं सांगून टाकलं. कुणीतरी बाबांच्या जटा बाजूला केल्या, तर कानात इवलंसं यंत्र. आतल्या खोलीत शिष्य संगणकावर आमचे फोन वाचत बसले होते.

बाबा पळाले. आमची माहिती त्यांनी कुणाकुणाला विकली, ते कळायला मार्ग नाही.

म्हणून सांगते, कुणी तुमच्या मनातलं ओळखलं तर पाया पडू नका, 'कुठून कळलं?' म्हणून विचारा. आणि फोन परवानगी मागेल तेव्हा आधी नीट वाचा, 'नाही' म्हणायला शिका. बहिणीने अखेर गाठीचा तुकडा तपासायला दिला, त्याचा अहवाल उद्या येणार आहे. तिच्या फोनवर केमोनंतर घालायच्या केसांच्या टोपांच्या जाहिराती आजच सुरू झाल्यात.