एक भिंत, दोन खड्डे

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे असे सांगायला मला फार आवडले असते. जुन्या भिंतीला मान असतो. मी मात्र अवघ्या दहा महिन्यांची मातीची भिंत आहे आणि एवढ्यातच माझे डोके उठले आहे.

या घरातले आजोबा पडले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. जिना उतरणे बंद झाले, ते वरच्या मजल्यावर अडकले. त्यांच्यासाठी खाली, आपल्याच हातांनी, मातीची खोली बांधायची असे त्यांच्या मुलीने आणि जावयाने ठरवले. तीन बाजूंना घराची आणि कुंपणाची भिंत होतीच. चौथी बाजू मी. शाळकरी नातीला घेऊन दोघे पाच दिवसांच्या शिबिरात मातीकाम शिकून आले. पाच दिवसांत माणूस शिकतो थोडे आणि त्याला वाटते फार.

जावई घड्याळे दुरुस्त करतो. त्याने शिबिरातली वही उघडली: तीन घमेली माती, एक घमेले वाळू, पाणी मोजून. मुलगी बेकरीत पावाचे पीठ मळते. ती म्हणे, वहीला काय कळते, माती हाताला कळते. ती मातीचा गोळा करून कमरेच्या उंचीवरून खाली टाकायची. फुटला तर पाणी, पसरला तर वाळू.

दोन्ही पद्धती चालल्या असत्या, कोणतीही एक धरली असती तर. पण माघार कोणी घेईना. शेवटी अंगणात दोन खड्डे खणले गेले. त्याने आपल्या खड्ड्यात माती तुडवली, तिने आपल्या. त्याने मला डावीकडून उभारायला घेतले, तिने उजवीकडून. दोन्हीकडे पेंढा पुरवता पुरवता नात बिचारी मेटाकुटीला आली. येणारेजाणारे कौतुक करायचे, सगळे कसे मिळून बांधताहेत म्हणायचे, आणि मी आतल्या आत धुमसायची.

मधोमध दोघांची माती भेटली खरी, पण मिसळली नाही. वाळताना त्याची जास्त आकसली, तिची कमी. तीन आठवड्यांत सांध्यावर वरपासून खालपर्यंत भेग पडली; नातीची बोटे सहज आत जात. मग पुन्हा वाद. तो म्हणे तुझा पेंढा, ती म्हणे तुझी वही. भेग माझ्या अंगाला, आणि मला कोणी विचारीना. अखेर दोघांचे एकमत झाले, तेही लपवण्यावर. भेगेवर मातीचा पातळ गिलावा फिरवला आणि हात धुऊन मोकळे झाले.

छपराचे वासे चढवण्याआधी आजोबांना खोली दाखवायला खुर्चीत बसवून खाली आणले. चार महिन्यांनी ते अंगण बघत होते. त्यांनी काठीचे टोक माझ्यावर टेकवले. गिलावा गळून पडला आणि काठी आत गेली.

"या भिंतीखाली मी झोपणार नाही," ते म्हणाले. "मला वर न्या."

त्यांना वर नेले. मला इतके वाईट कधीच वाटले नव्हते. मी त्यांच्यासाठीच तर होते.

दुसऱ्या दिवशी मुलीने फावड्याने माझा मधला भाग पायऱ्यापायऱ्यांनी तोडला. जावयाने आपला खड्डा बुजवला. तोडलेली माती उरलेल्या खड्ड्यात भिजत घातली. मातीचे एवढे बरे की ती पुन्हा कामाला येते. मग नात मध्ये आणि आईबाप दोन बाजूंना, असे तिघे एकाच चिखलात उतरले. वाद थांबले म्हणता? छे. वाळू किती यावरून दिवसभर तोंडे चालली, पण त्याबरोबर पायही चालले.

छप्पर दोन महिने लांबले. आजोबा एकदाचे खाली राहायला आले, माझ्या मधल्या भागाला पाठ टेकून बसले आणि त्यांनी विचारले, "इथली माती कोणाची?"

मुलगी आणि जावई एकदमच बोलायला गेले, आणि दोघांनाही सांगता आले नाही.

तेव्हा मित्रांनो, तुम्ही कधी घरच्यांबरोबर भिंत बांधायला घेतलीत, तर कृपा करून खड्डा एकच खणा. भांडण आवरतच नसेल तर त्यातच उभे राहून भांडा. तेवढीच माती चांगली तुडवली जाईल.