खड्ड्यातल्या माणसाची वरची कवळी

सेवकरामचा चेहरा कुठल्याच प्रेक्षकानं पाहिला नव्हता. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकात स्टेजपुढे खड्डा असतो. तो त्यात बसून नटांना वाक्यं पुरवायचा. प्रॉम्प्टर. त्यामुळे दात गेले की रूप जातं, ही तक्रार त्याची नव्हतीच. त्याचा शब्द जात होता. वरचे दोनच दात उरलेले, तेही हलणारे. ओठांतून नुसती हवा निघायची. मागच्या हंगामात शेवटच्या प्रयोगात नायक गजेंद्र ऐन मरता मरता खाली वाकला आणि म्हणाला, "दादा, काय सांगून राहिले?" मांडव हसला.

गणपती उठल्यावर कंपनीचे मालक छोटेलाल म्हणाले, "दात लावून या. नाही तर खड्ड्यात लाइटवाल्या टिंकूले बसवतो. दिवाळी झाली का प्रयोग सुरू."

म्हणून गोंदियाचा दवाखाना. म्हणून हा खर्चाचा कागद.

४१०. पूर्ण कवळी, वरची. नऊ हजार.
४११. पूर्ण कवळी, खालची. नऊ हजार.

"कवळी एक, दोनदा काऊन लिहिलं मॅडम?"

"जबडे दोन, काका, म्हणून कोडही दोन," डॉक्टर दुर्गेश्वरी म्हणाली. "विमा कंपनी वरचं वेगळं मोजते, खालचं वेगळं."

विमा रीनाचा, म्हणजे मुलीचा. ती नागपूरला नोकरीला. तिच्या ऑफिसच्या पॉलिसीत आईबाप बसत. आत्ता ती फोनच्या स्पीकरवर होती. "बाबा, दोन्ही कोड बसतात. ऐंशी टक्के मिळतात. करून टाका."

"कधी लागन?"

"आधी उरलेले दात काढायचे," डॉक्टर म्हणाली. "हिरड्या भरायला तीन महिने. मग माप. मग कवळी."

तीन महिने. म्हणजे दिवाळी गेली, म्हणजे शंकरपटातले, बैलांच्या शर्यतींच्या वेळचे, प्रयोग गेले, म्हणजे खड्ड्यात टिंकू आणि…

४३०. तात्काळ कवळी, वरची. तेरा हजार.
४३१. तात्काळ कवळी, खालची. तेरा हजार.
४५०. कवळीला आतून नवा थर. दर जबड्याला साडेतीन हजार.

"हिचं माप आधीच घेते. दात काढले की त्याच दिवशी बसवते. पण हिरड्या नंतर आटतात, कवळी ढिली होते. तेव्हा हा थर."

"रीना, पाह्य."

तिकडे बोट स्क्रीनवर सरकत असावं.

"नाही बसत बाबा. तात्काळला एक पैसा नाही."

सव्वीस हजार, आणि वर थराचे. खड्ड्यातल्या एका रात्रीचे सहाशे मिळत. सेवकरामनं हिशेब अर्ध्यावर सोडला आणि आवाज खाली आणला, सवयीनं, जणू समोर गजेंद्र अडला होता. "मॅडम, तात्काळच बसवा, पण कागदावर चारशे दहा लिहा ना. आमच्यात एकच माणूस पहिल्या अंकात भिकारी, दुसऱ्यात पाटील. कोण विचारते?"

"दात काढल्याची तारीख आणि कवळीची तारीख बिलावर एकच दिसते, काका. क्लेम तो जाएगा ही, साथ में मेरा नाम भी."

"आन् माझी नोकरी!" स्पीकर किंचाळला. "ऐकू येऊन राहिलं मले, बाबा!"

सेवकराम खुर्चीतून उठला. गळ्यातला प्लास्टिकचा रुमाल काढायचं राहिलं. "मग राहू द्या. बसू द्या टिंकूले."

"बसा. आ करा."

डॉक्टरनं आरसा आत घातला आणि खालचे सहा दात एकेक करून हलवून पाहिले. हलले, पण थोडेच. "हे जाणार आहेत. पण या हंगामात नाही गेले तरी चालतील." मग कागदावर वाकून तिनं ४१० आणि ४३१ वर रेघ ओढली. "फक्त वरचे दोन काढते. वरची तात्काळ बसवते. तिचे पैसे तुमचे, पुढे थराचेही तुमचे. खालचे होळीनंतर काढू, तीन महिने थांबू, तेव्हा ४११. ते विम्याचे."

"असं अर्धं-अर्धं करता येते?"

"कोड वेगळे आहेत ना."

"बाबा, तेराचे अर्धे मी पाठवते."

"तू चूप बस. खड्ड्यातल्या रात्री माझ्या, पैसेही माझेच."

कवळी बसली. पहिले आठ दिवस तोंडात दुसऱ्याचं काहीतरी ठेवल्यासारखं वाटे, थुंकी सावरत नसे, हिरडी सोलली की परत गोंदिया, परत घासून. सेवकराम अंगणात बसून पॉलिसीच मोठ्यानं वाचायचा, कारण इतके अवघड शब्द घरात दुसरीकडे नव्हते. "व्याप्ती. अपवाद. प्रतिपूर्ती."

"पोट भरलं का?" बायको कलाबाई आतून ओरडायची. "भात थंडा होऊन राहिला."

देवरीच्या तालमीत छोटेलाल मुद्दाम शेवटच्या रांगेत जाऊन बसले. गजेंद्रला सांगून ठेवलं होतं, मधेच अडक. गजेंद्र अडकला. सेवकरामनं इतक्या वर्षांच्या सवयीनं पोटातून जोर लावला आणि वाक्य सोडलं.

गजेंद्र ते म्हणालाच नाही. तो शेवटच्या रांगेकडे पाहत होता.

"सेवकरामजी," छोटेलाल रांगेतून ओरडले, "तुमचं वाक्य मले इथं आलं! तिकीट गजेंद्रचं विकते, तुमचं नाही. दाबून बोला!"

"हो जी."

"परत घ्या."

सेवकरामनं पान मागे उलटलं. छोटेलाल फोनवर बोलत होते, "टिंकू, तू लाइटीवरच राह्य यंदा." त्यानं ते ऐकलं, जीभ कवळीला टेकवली आणि वाक्य परत दिलं, गजेंद्रच्या पायापर्यंतच पोचेल इतकं.