बापलेकाची रेघ

सिदूनं बाही दंडापर्यंत सारली, हात टेबलावर ठेवला, तसा बिराप्पा दारापर्यंत मागं सरकला.

"याचंच रगत घ्या, मॅडम. आण्णाचा सख्खा ल्योक ह्यो. मी आपला पुतण्या. लय लांबचा."

सांगलीतल्या त्या दवाखान्यात कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. देवळात यावं तशी मंडळी अनवाणी उभी होती. प्रसादाला सुई होती, एवढाच फरक. डॉक्टर भार्गवीनं दोनदा समजावलं होतं. एकाच घरात तिघा पुरुषांना प्रोस्टेटचा कॅन्सर झालाय. बापाच्या रक्तातून पोरात काही उतरतं का, ते शोधायला अशा घराण्यांची माहिती कॉम्प्युटरात साठवतायत. आण्णांना मात्र यातून काही मिळणार नव्हतं. त्यांचा आजार मणक्यात पोचला होता. आधीचे दोघे म्हणजे त्यांचे भाऊ. त्यातला एक बिराप्पाचा बाप, पण तो आंब्यावरून पडून गेला, असं बिराप्पानं आज सकाळपासून ठरवलं होतं.

याच बिराप्पानं जमिनीसाठी विट्याच्या कोर्टात सांगितलं होतं की सिदू आण्णांचा कुणीच लागत नाही. खरंही होतं. आण्णांच्या बायकोच्या, राहीबाईंच्या भावाचा पोर, कवठे महांकाळहून अंगावर पीत असतानाच आणलेला. पण घरात 'दत्तक' हा शब्द कुणी काढला तर आण्णा ताटावरून उठत. साक्षीत तर त्यांनी "माझ्याच रक्ताचा हाय" असं ठोकून दिलं. त्यांच्याच वकिलाला घाम फुटला.

सिदूला हे सगळं ठाऊक होतं. तरी त्यानं हात तसाच ठेवला होता.

भार्गवीनं पडद्यावर आण्णांचा चौकोन काढला, खाली सिदूचा. मध्ये रेघ ओढली.

"ही रेग कसली वं?" आण्णांनी विचारलं.

"बापलेकाची."

"म्हंजी माजं दुकनं हिच्यावरनं खाली उतरनार?"

"उतरू शकतं."

आण्णा खुर्चीचे दांडे धरून अर्धे उठले.

"मग पुसा ती."

"आण्णा, गप बसा," सिदू म्हणाला.

"पुसा म्हंतो न्हवं! माज्या रक्ताचा न्हाई त्यो. बायकोच्या म्हायारचा हाय. इचारा कुनालाबी!"

आणि आण्णा हसले. दुखणं लागल्यापासून पहिल्यांदाच, तोंडभर. भार्गवीनं सिदूकडं पाहिलं. मान आण्णांनीच डोलावली. रेघ गेली.

"मग पुतण्याचं लागेल," ती म्हणाली.

दारात बिराप्पा नव्हता. त्याच्या चपला होत्या.

सिदूनं बाही खाली ओढली. मनगटाचं बटण त्याला काही केल्या लागेना.

स्टँडवर आण्णांनी हट्टानं पाव किलो पेढे घेतले आणि दिसेल त्याच्या हातावर ठेवत सुटले.

"नातू झाला काय, पाव्हनं?" पेढेवाल्यानं विचारलं.

"न्हाई. पोरगं सुटलं माजं."

पुडीतला शेवटचा त्यांनी सिदूच्या तोंडात कोंबला.

"ग्वाड हाय का न्हाई?"

सिदूनं मान हलवली.

विट्याची गाडी लागली. त्यानं आण्णांना दोन्ही हातांवर उचललं. पोत्यातलं धान्य निम्मं सांडून जावं, तसं वजन उतरलं होतं. कंडक्टरनं पुढची सीट मोकळी करून दिली.

"म्हाताऱ्याला सांभाळून. कोन लागत्यात तुमचं?"

सिदूच्या तोंडातला पेढा अजून गिळून झाला नव्हता.