बद्द वाजणारे हेल्मेट

मी एक जुने हेल्मेट आहे. म्हणजे अर्धे आहे. डावे अर्धे. मरोळच्या गावठाणात, मिस्किटांच्या अंगणात, विहिरीच्या कट्ट्याला टेकून मी उताणे पडलेले असते आणि एक खुडूक कोंबडी माझ्यात बसते. माझे उजवे अर्धे घाटकोपरला आहे. तेव्हा मित्रांनो, माझ्या गोष्टीत कुठे भोक पडले तर समजून घ्या. मालकाच्या उजव्या कानाशी जे बोलले गेले ते मला ठाऊक नाही. डाव्या कानाशी जे बोलले गेले ते सगळे सांगते. सांगताना मला किळस येईल. तीही लपवणार नाही.

आधी जन्म. काचेच्या धाग्यांचे कापड, त्यावर नाकाला झोंबणारे रसायन, एक साचा. ज्या कामगाराने मला साच्यातून सोडवले त्याचे हात कोपरापर्यंत खाजत होते. त्याने बोटांच्या पेरांनी मला टकटक वाजवले. मी खणखणले. "पास," तो म्हणाला आणि मला बाजूला ठेवले. माझ्या आयुष्यातली ती पहिली खरी परीक्षा. दुसरी व्हायला काही वर्षे लागली, आणि ती घेतली एका बाईने.

१९८१ साली बस्त्याव मिस्किटाने मला विकत आणले. बस्त्याव अंधेरीच्या एका कारखान्यात लेथवर काम करायचा. रविवारी चर्चला जायचा. हिवाळ्यात महिन्यातला एक रविवार मात्र त्याचे दोन देव असत. सकाळी सहाचा मिस्सा ऐकायचा, मांडीवर मला घेऊन, आणि तिथूनच जुनी फियाट काढून कल्याणच्या पुढे जायचे. तिथे लढाईच्या काळात विमानांसाठी बांधलेली एक ओसाड धावपट्टी होती. गवताच्या पेंढ्या आणि जुने टायर मांडून उपनगरातली दहा-बारा माणसे तिच्यावर गाड्या पळवत. त्यांनी मंडळ काढले होते, नियम केले होते. एक नियम असा, की ज्या हेल्मेटला एकदा मार बसला ते करवतीने कापून टाकायचे, मग ते बाहेरून कितीही चांगले दिसो. कारण आम्ही एकदाच उपयोगी पडतो, मित्रांनो. एक घाव आमच्या अंगावर घेतो आणि संपतो.

नियम उत्तम होता. हेल्मेटे मात्र सगळ्यांत मिळून चार होती.

म्हणजे असे, की एकजण फेऱ्या मारून यायचा, मला डोक्यावरून ओरबाडून काढायचा, आणि मी गरम असतानाच दुसरा मला घालायचा. पहिल्याचा घाम दुसऱ्याच्या कपाळावर. बस्त्यावचे डोके: खोबरेल तेल आणि चर्चमधला धूप. मुलुंडच्या एका दुकानदाराचे: हिंग. एका वकिलाचे: कोंडा, नुसता कोंडा. समोरची काच मळली की त्यावर थुंकायचे आणि बनियनच्या टोकाने पुसायचे. अशा थुंकीतून मी जग पाहिले.

पण ती किळस साधी होती. साबणाने जाणारी.

बस्त्यावचा जोडीदार होता दत्ताराम. कोकणातला. बाप गिरणीत होता, हा घाटकोपरला गॅरेज चालवायचा. फियाटची मागची बाके काढून ती हलकी करणे, इंजिन खोलून पुन्हा बसवणे, हे सगळे दत्तारामचे. सरावाला तो डाव्या बाजूला बसायचा, म्हणून त्याचा आवाज माझाच. "दाब रे मेल्या, दाब. बैलगाडी हाकतंस काय?" शर्यतीत बस्त्याव एकटा जायचा आणि दत्ताराम काठावर घड्याळ घेऊन उभा राहायचा. मी येण्याच्या आधीपासून धरून आठ वर्षे तो उभा होता. बस्त्याव दर वर्षी म्हणायचा, "पुढच्या वर्षी तू चालव." आणि दर वर्षी नाताळात दत्ताराम मिस्किटांकडे जेवायला यायचा. बस्त्यावच्या बायकोच्या, रेजीनच्या हातचे जेवायचा आणि तिला वैनी म्हणायचा.

एकदा फादर घराला आशीर्वाद द्यायला आले. ओट्यावर बसून त्यांनी बस्त्यावला विचारले, हे पळवणे कशाला?

"फादर, रस्त्यावर मी चाळीसच्या वर जात नाय. रस्त्यावर म्हातारी असते, पोर असतं, आरे कॉलनीत तर म्हैस असते. धावपट्टीवर समोरून कोणी येत नाय. मग तिथं वेग पाप कसा?"

"प्रार्थना कधी करतोस?"

"खरं सांगू? चर्चमध्ये माझं मन कार्बोरेटरमध्ये असतं. तिसऱ्या वळणावर मात्र मी पूर्ण मनानं देवाचं नाव घेतो."

"घाबरून घेतोस."

"घाबरल्याशिवाय कोण घेतं, फादर?"

फादर हसले. मग म्हणाले, "समोरून कोणी येत नाही, कबूल. शेजारी बसतो त्याचं काय?"

"शेजारी दत्ताराम असतो. तो माझ्यापेक्षा जास्त ओरडतो."

सगळे हसले. तेव्हा मलाही बस्त्याव आवडायचा. हे बोलणे मी नंतर फार वेळा आठवले.

१९८३चा मार्च, त्या हिवाळ्यातली उरलेली शेवटची शर्यत. त्याच तिसऱ्या वळणावर, मागे पडलेल्या गाडीवाल्याचे तोंड बघायला बस्त्यावने मान वळवली. फियाट टायरांवर चढली आणि आडवी झाली. त्याचे डोके दाराच्या खांबावर आदळले.

मध्ये मी होते.

तो आवाज त्याने बाहेरून ऐकला. मी आतून ऐकला. कपाळापासून मानेपर्यंत, टाळूवरून, मी तडकले. माझे काम झाले होते. आता मला कापायचे आणि मोकळे करायचे.

लोक धावत आले. बस्त्याव खिडकीतून बाहेर निघाला, मला हातात उंच धरले आणि ओरडला, "बघा, ओरखडासुद्धा नाय. मावलीनं वाचवलं." त्याने मला बघितलेच नव्हते. आधी बोलला. घरी जाऊन रात्रीच्या जेवणाआधी अस्तर काढले तेव्हा त्याला तडा दिसला, आणि तोपर्यंत चमत्कार कल्याणपासून मरोळपर्यंत पोचला होता. लोकांनी त्याचे हात हातात घेतले होते. म्हातारी माणसे रडली होती. आता त्यांना काय सांगणार?

त्याने गॅरेजवाले गाडीचा पोचा भरतात ती लांबी, म्हणजे पुट्टी, आणली. तड्यात भरली. पॉलिशपेपरने घासली. वर निळा रंग दिला आणि पाट्या रंगवणाऱ्याकडून माझ्या कपाळावर मोत मावलीचे, वांद्र्याच्या मेरीमातेचे, चित्र काढून घेतले.

सप्टेंबरात वांद्र्याच्या डोंगरावरच्या तिच्या जत्रेत त्याने नवस फेडला. तिथे मेणाचे हात मिळतात, पाय मिळतात, घरे, गाड्या, पाळण्यातली मुले मिळतात. बस्त्यावने मेणाचे एक डोके आणि एक गाडी वाहिली. मावलीवर माझा राग नाही. तिने त्याला वाचवले असेलही. पण ज्याच्यातून वाचवले ते फुटले आहे, हे तिच्यापासूनही लपवायचे? आणि तिचेच चित्र त्यावर चिकटवायचे? घामाची किळस साबणाने जाते. त्या रंगाची माझ्या अंगावरून आजवर गेली नाही.

मग कौतुक सुरू झाले. दोन हिवाळे. शर्यतीपूर्वी लोक माझ्यावरून हात फिरवून तो छातीला लावत. ज्यांची स्वतःची हेल्मेटे होती तेही मला मागत. हिंगवाल्याने घातले, कोंड्याने घातले. मी प्रत्येकाच्या डोक्यावर बसून मनात म्हणत होते, काढ. काढ मला. मी मडके आहे. मी बुजगावण्याचे डोके आहे.

हेल्मेटला आवाज नसतो. असतो, पण तो वाजवावा लागतो.

१९८५चा जानेवारी. बस्त्यावने अखेर शब्द दिला. या रविवारी दत्ताराम चालवणार होता.

शनिवारी संध्याकाळी रेजीन बाजारातून दोन नवी मडकी घेऊन आली. ओट्यावर मांडून तिने ती पुन्हा एकदा वाजवली, पेराने, टकटक. शेजारी मी होते. त्याच हाताने, त्याच ओघात तिने मलाही वाजवले.

ती थांबली. पुन्हा वाजवले.

"बस्त्याव, हे बद्द वाजतंय."

"हेल्मेट हाय ते. मडकं नाय."

"मडकं गळलं तर ओटा भिजेल. ह्यात उद्या दत्तारामभाऊ डोकं घालणार."

"आत अस्तर हाय, म्हणून तसं वाजतं."

"पहिल्या वर्षी अस्तर नव्हतं? तवा नुसतं ओट्यावर ठेवलं तरी खणखणायचं."

बस्त्याव स्पॅनर पुसत राहिला. तो स्पॅनर आधीच स्वच्छ होता.

"कधी फुटलं?" रेजीनने विचारले. मग तिचे तिलाच कळले. ती खाली बसली. "तवापासून? आणि मी तुझ्याबरोबर डोंगर चढून मेण वाहिलं?"

"आतापर्यंत काय झालं कोणाला?"

"तू सांग त्यांना. नायतर मी येते उद्या."

"तिथं बायका येत नायत."

"म्हणूनच कोणाला वाजवता येत नाय."

दुसऱ्या दिवशी सहाच्या मिस्साला तो मला घेऊन बसला. पवित्र भाकर घ्यायला सगळे उठले. बस्त्याव उठला नाही. रेजीनने वळून पाहिले नाही. त्याचे दोन्ही तळवे माझ्यावर होते, आणि ते ओले होते.

धावपट्टीवर मंडळाचे भाऊराव हेल्मेटे तपासायचे. भाऊराव कडक माणूस. पट्टा तुटका असला तर घरी पाठवायचे. त्यांनी मला हातात घेतले, कपाळावरचे चित्र पाहिले, नमस्कार केला. "ह्याला काय तपासायचं, हे पावलेलं आहे," म्हणाले, आणि मला दत्तारामच्या हाती दिले.

दत्तारामचे डोके माझ्यात पहिल्यांदाच आले. ग्रीस आणि साधा, लाल साबण. त्याने सकाळी डोके धुतले होते. नवरदेवासारखे.

त्याने इंजिन सुरू केले. बस्त्याव डावीकडच्या खिडकीशी आला.

"दत्ता, उतर."

"काय झालां?"

"हेल्मेट दे."

"भियाळंस काय? माझो येळ तुझ्यापेक्षा कमी इलो तर?" दत्ताराम हसत होता. मला ते हसू गालांवर जाणवले.

"उतर म्हणतो ना."

तो उतरला. बस्त्यावने मला काढून काँक्रीटवर ठेवले, गाडीतून जॅकचा दांडा काढला आणि मारला. पहिल्या फटक्यात लांबी उडाली. पिवळी पूड. दुसऱ्या फटक्यात मी दोन झाले.

हिंगवाल्याने नकळत स्वतःच्या टाळूवर हात ठेवला.

दत्ताराम खाली वाकला. कडेची लांबी त्याने नखाने खरवडली. आयुष्यभर तो हेच काम करत आला होता, त्याला कोणी समजवायची गरज नव्हती.

"कधी भरलंस?"

"त्याच दिवशी."

"दोन वरसां." त्याने पूड बोटांवर चोळली. "दरवाज्याक लावतत ही, बस्त्याव. गाडीच्या दरवाज्याक. माझ्या डोक्याक लावलंस?"

"मी सांगणारच..."

"तुझ्या ताटात जेवलंय रे मी."

तो थुंकला. माझ्यावर नाही, बस्त्याववरही नाही. बाजूला, जमिनीवर, तोंडात काही नासके आल्यासारखा. मग माझे उजवे अर्धे काखोटीला मारून तो चालत डांबरी रस्त्याकडे निघाला. आठ वर्षे थांबलेला माणूस, एकही फेरी न मारता.

ऐकते की ते अर्धे त्याच्या गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला आहे. पूड पुसलेली नाही.

बस्त्यावने फियाट विकली. मला फेकायला निघाला तर रेजीनने हात धरला. "राहू दे. दिसत राहू दे." मग कोंबडी आली. कोंबडीचाही वास येतो, पण ती अंडी उबवते आणि खोटे बोलत नाही. नाताळात दत्तारामसाठी पान मांडले जायचे. ते तसेच उचलले जायचे.

१९८८च्या नाताळाआधी फाटक वाजले. दत्ताराम होता, केस पिकलेले. हातात नवे हेल्मेट, पांढरे, अजून कागदात. बस्त्याव दारात आला. दत्तारामने त्याच्याकडे पाहिले नाही. तो अंगणातच थांबला.

"वैनी, जरा वाजवून बघ."

रेजीनने पदराला हात पुसले. पेराने टकटक केले, डावीकडे, उजवीकडे, टाळूवर. अंगणभर आवाज खणखणला. कोंबडी दचकून माझ्यातून उठली.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "जेवून जा."

"नको वैनी." तो वळला. फाटकाशी क्षणभर उभा राहिला, माझ्याकडे बघितले, आणि गेला. बस्त्याव दारातच उभा होता. रेजीनकडून वाजवून घ्यायला त्याच्याजवळ काहीच नव्हते.

मित्रांनो, माझी विनंती मोठी नाही. दुसऱ्याच्या डोक्यावर काही ठेवण्यापूर्वी ते वाजवून बघा. रंग बघू नका, चित्र बघू नका, कोणी त्याला नमस्कार केला ते बघू नका. बद्द वाजले तर त्याच क्षणी मोठ्याने सांगा. फुटलेल्या वस्तूला लाज नसते. मी तर फुटण्यासाठीच जन्मले होते. लाज असते ती लांबीला.