विकायचं नाही, असं अंगावर लिहिलेलं फाटक

मित्रांनो, घाबरट फाटक तुम्ही कधी पाहिलं आहे का? नसेल, तर इबादानला आमच्या गल्लीत या. शेवटून दुसरं घर. दोन माणसांच्या उंचीचं, अस्सल लोखंडी आणि तरीही उंदराच्या काळजाचं जे फाटक दिसेल, ते मीच. एवढ्या दांडगटाला भीती कसली, असं तुम्ही म्हणाल. पण मी माझ्या सोबत्याला भंगाराच्या काट्यावर चढताना पाहिलं आहे. त्यानंतर कोणाचंही धाडस टिकणार नाही.

चाळीस वर्षांपूर्वी संडे नावाच्या वेल्डरने मला घडवलं. तेव्हा अकिनोला पापांचा छापखाना जोरात होता आणि त्या कमाईवर त्यांनी हे दुमजली घर उभारलं. संडेने माझ्या दोन्ही पल्ल्यांवर मोर काढले. एक मोर झकास जमला, दुसरा मात्र कोंबडीवर गेला. तरी बारशाला, लग्नाला आलेले पाहुणे माझ्यावर हात फिरवून म्हणत, "फाटक असावं तर असं!" मी फुलून जाई. पापांची चिमुकली मोरोलाके माझ्या खालच्या दांडीवर उभी राहून झोके घ्यायची आणि मी करकर न करता तिला फिरवायचो.

सातव्या वर्षी मोरोलाके मावशीबरोबर डब्लिनला गेली. पुढे तिथेच नर्स झाली. मग तिची आई गेली, नऊ वर्षांपूर्वी पापाही गेले. तिची कागदपत्रं अडकली होती म्हणून तिला अंत्यविधीलाही येता आलं नाही. घर तिच्या नावावर झालं आणि मागच्या खोलीत राहिला तो फक्त रौफू. तो पापांच्या छापखान्यात कागद कापायचा. आता म्हातारा झाला, गुडघा गेला, पण घर राखणं त्याने सोडलं नाही. या छपराखेरीज त्याला दुसरं छप्परही नव्हतं.

समोरच्या घराचा मालक असाच परदेशात होता. त्याच्या माघारी कोण्या भामट्याने ते घर एका महिन्यात तिघांना विकलं. तिसरा बुलडोझर घेऊनच आला. समोरचं हिरवं फाटक माझा जन्माचा सोबती. आधी त्यालाच उपटलं, हातगाडीवर आडवं टाकलं आणि कोपऱ्यावर नेऊन वजन केलं. त्याच दिवशी रौफूने लाल रंग आणला आणि माझ्या छातीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "हे घर विकायचं नाही. भामट्यांपासून सावध." आमच्याकडे अशी अक्षरं गल्लोगल्ली दिसतात. पण माझी अक्षरं रोज मलाच आठवण करून द्यायची, की पुढचा नंबर तुझा.

आणि गेल्या महिन्यात एका सोमवारी ते संकट आलंच. रौफूला आलेला फोन मोरोलाकेचा होता, पण नंबर नवा.

"बाबा, मी मोरोलाके. घराची किंमत काढून घ्यायची आहे. विकलं तर किती येतील आणि भाड्याने दिलं तर किती, एवढंच बघायचंय. बुधवारी माणूस येईल. त्यांचं नाव…"

तेवढ्यात फोन तुटला आणि पुन्हा लागेना.

माझ्याबाहेर, भिंतीला टेकून, सिकिराची आई भट्टी लावते आणि चवळीची भजी तळते. तिला सगळे इया सिकिरा म्हणतात आणि तिच्या भज्यांना अकारा. रौफूने माझ्या हातभर खिडकीतून तोंड बाहेर काढून तिला सगळं सांगितलं.

"अरे रौफू, आवाज पोरीचा होता की चोराचा?"

"आवाजावर काय नाव लिहिलेलं असतं होय? मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते. आणि घर विकायचं म्हणाली, तर मी हा गुडघा घेऊन जाऊ कुठे?"

"रडू नकोस रे, आधी खरी-खोटी ठरव. घरच्यालाच ठाऊक असेल असं काहीतरी विचार."

"तिची आजी तिला सकाळी लाडाच्या नावाने उठवायची. ते नाव बाहेरच्या कोणाला ठाऊक नाही."

मित्रांनो, हे बोलणं चालू असताना बाकावर एक टापटीप गृहस्थ अकारा खात होता. भजी संपली तरी तो भज्याचा कागद चाटूनपुसून वाचत होता. रौफूला तो खिडकीतून दिसत नव्हता. मला दिसत होता.

मंगळवारी तोच गृहस्थ अगबाडा, म्हणजे आमच्याकडचा घोळदार झगा, घालून आला आणि रौफूसमोर चक्क धुळीत पालथा पडून नमस्कार करू लागला.

"उठा, उठा साहेब!" रौफू विरघळला.

"मी आलाबी. घराची किंमत काढायला आलोय. एक दिवस आधीच आलो, माफ करा. बाबा, गुडघा कसा आहे? आमच्या अजिकेने मुद्दाम विचारायला सांगितलंय."

अजिके! रौफूच्या डोळ्यांत पाणीच आलं. लाडाचं नाव हेच होतं. त्याने माझ्या कडीला हात घातला. माझं लोखंड गार पडलं. काल बाकावर बसला होता तो हाच, अरे बाबा, हाच! पण फाटकाला तोंड कुठे असतं? मी कडी गच्च धरून ठेवली. गंजाशिवाय माझ्याजवळ दुसरं बळ नव्हतं. रौफूने पामतेलाचे चार थेंब सोडले आणि मी उघडलो.

आलाबीने खोल्या पाहिल्या, फोटो काढले. जाताना तो माझ्यासमोर थांबला.

"बाबा, 'विकायचं नाही' असं लिहिलेल्या घराची किंमत कोण देईल? हे पुसून टाका. उद्या चार वाजता एक मोठे साहेब येतील, नुसतं बघायला."

बुधवारी सकाळी रौफूने काळ्या रंगाचा डबा उघडला. ब्रशाच्या एकेका फटकाऱ्याबरोबर माझी अक्षरं बुडत गेली. ज्या अक्षरांनी मी घाबरायचो, तीच माझी ढाल होती, हे मला तेव्हा कळलं. मला हिरव्याची हातगाडी दिसू लागली.

दुपारी तीनच्या सुमारास मोटारसायकलवरून एक बाई उतरली. कमरेला टेप, हातात वही. ना गुडघा टेकला, ना तब्येत विचारली.

"मी तिनुके. घराची किंमत काढायला आलेय. या फाटकाचा बिजागर गेलाय, हे किमतीत धरणार नाही."

मला लागलं ते, पण रौफूला जास्त लागलं.

"किंमत काढणारे काल येऊन गेले. अजिकेने पाठवले होते."

"अजिके कोण? माझ्या कागदावर मोरोलाके अकिनोला आहे."

"बघा! नावसुद्धा ठाऊक नाही!" म्हणत रौफूने खिडकी लावायला घेतली. तिनुकेने घाईने डब्लिनला फोन लावला आणि खिडकीत धरला.

"पोरी," रौफू म्हणाला, "तू खरी असशील तर सांग. आजी तुला सकाळी काय म्हणून उठवायची?"



"नाही आठवत, बाबा," ती म्हणाली. आणि मग रडतच, "आजीचा चेहरासुद्धा नाही आठवत मला."

रौफूने खिडकी आपटून बंद केली. खऱ्याला बाहेर आणि खोट्याला आत घेणारं फाटक झालो होतो मी. लाजेने आणि भीतीने माझे दोन्ही पल्ले थरथरले. लोकांना वाटलं, वारा आला.

तिनुके बाकावर जाऊन बसली. "चार अकारा द्या. सकाळपासून पोटात काही नाही."

खाता खाता तिने कागद उलगडला आणि चावायचीच थांबली. कागदावर अकिनोला पापांचा फोटो होता. नऊ वर्षांपूर्वी अंत्यविधीत वाटायला घराण्याची हकीकत छापली होती, आणि घरचाच छापखाना, म्हणून नको तितक्या प्रती निघाल्या. उरलेले गठ्ठे वाळवी खायला लागली, तेव्हा रौफूनेच ते इया सिकिराला भजी बांधायला दिले होते.

तिनुकेने माझ्यावर थाप मारली. "बाबा, हे ऐका. 'कन्या मोरोलाके, जिला आजी लाडाने अजिके म्हणत असे.' तुमचं गुपित हेच का?"

खिडकी उघडली. रौफूने तो तेलकट कागद हातात घेतला.

"अगं इया सिकिरा, हा कागद तू किती जणांना दिलास?"

"अख्ख्या गल्लीला! मला काय वाचता येतं? आणि दिले कोणी? तूच ना?"

रौफूने कागदाची घडी घातली. "चोर पाठ करून आला," तो पुटपुटला. "आणि घरची पोर बिचारी विसरले म्हणाली. खोटं बोलायचं असतं तर काहीतरी ठोकून दिलं नसतं का तिने?" मग एकदम ओरडला. "चार वाजता तो येतोय!"

त्यानंतरची धावपळ काय सांगू! लाल रंग उरला होता वाटीभर. रौफूने डबा धरला, ब्रश तिनुकेने घेतला. शेवटचं अक्षर लिहून होतंय तोच मोठी गाडी आली. आत आलाबी आणि एक जाडजूड साहेब. साहेबांच्या मांडीवर बॅग होती. मी डोळे मिटले असते, पण मला डोळे मिटता येत नाहीत.

"हे काय लिहिलंय?" साहेबांनी विचारलं.

"जुनं आहे हो ते," आलाबी हसला.

"जुनं?" इया सिकिरा झारा घेऊन पुढे झाली. "बोट लावून बघा की!"

साहेबांनी खाली उतरून बोट लावलं. बोट लाल झालं. त्यांनी बोटाकडे पाहिलं, आलाबीकडे पाहिलं, गाडीत बसले आणि आलाबीला तिथेच ठेवून गेले. आलाबी माझ्याकडे एकदा रोखून बघत पायी निघून गेला. ती नजर मला अजून आठवते.

मग तिनुकेने अंधार पडेपर्यंत घर मोजलं. घाईने विकलं तर मातीमोल जाईल, गळती काढून वरचा मजला भाड्याने दिला तर घर स्वतःचा खर्च स्वतः भागवेल, असं तिने फोनवर सांगितलं. वहीत तिने एक ओळ माझ्याबद्दलही लिहिली आहे, "फाटक बदलावे."

रौफूने फोन घेतला. "पोरी, मी त्याला आत घेतलं. माझ्या हाताने अक्षरं पुसली. मला काढून टाक."

"बाबा, तुम्ही एकदा चुकलात," मोरोलाके म्हणाली. "मी तीस वर्षांत एकदाही आले नाही. तुम्ही कुठे जायचं नाही. वरचा मजला भाड्याने द्या. विकायचं की नाही, ते मी घर डोळ्यांनी बघून ठरवेन."

ती डिसेंबरात येणार आहे म्हणे. तोवर मी रोज घाबरतो. ती येईल का, मला बदलेल का, की तिच्याआधी आणखी कोणी गोडबोल्या येईल?

म्हणून मित्रांनो, एकच मागणं आहे. तुमच्यापैकी कोणाचे आईबाबा, काका, आत्या दूरदेशी असतील आणि मागे घर असेल, तर त्यांना म्हणावं, किंमत खुशाल काढा, विका, नाहीतर भाड्याने द्या. पण अधूनमधून येऊन फाटक आपल्या हाताने उघडत जा, म्हणजे राखणाऱ्याला तुमची ओळख राहील. आम्हा फाटकांना खरा-खोटा कळला, तरी सांगता येत नाही. कडी ज्याने काढली, त्याला आम्ही उघडतो.