दोन बोटं उंच

मुकुलने पुण्याहून ती लाल गाडी आणली, तेव्हा मालिनीबाईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ही अशी बसलेली का दिसते?"

"मुद्दाम बसवल्येय," मुकुल म्हणाला. "आधीचा मालक शर्यतींत पळवायचा. आखूड स्प्रिंगा, कडक शॉकअप, रुंद टायर. वळणावर तसूभर कलत नाही, आई."

मुकुल मालवाहू जहाजावर इंजिनियर होता. सहा आठवड्यांच्या सुट्टीत त्याने गाडी मनसोक्त फिरवली आणि २००३च्या ऑक्टोबरात तो पुन्हा बोटीवर गेला. दिवाळीनंतर मालिनीबाईंची पाठ धरली. डॉक्टरांनी स्कूटर बंद करायला सांगितली. गोळपच्या घरापासून त्या शिकवत ती रत्नागिरीतली शाळा बारा-तेरा किलोमीटर, आणि पहिला तास सातचा. दारात गाडी उभी होती. चालवणं त्यांना नवीन नव्हतं. नवरा गेल्यावर आंब्याच्या पेट्या पोचवायला त्या जीप शिकल्या होत्या, त्याला सोळा वर्षं झाली.

मुकुलने फोनवर आनंदाने परवानगी दिली. "चालव ना. फक्त तिच्यात काही बदलू नकोस. अशी गाडी परत मिळायची नाही."

महिनाभर त्यांनी ती चालवली. प्रत्येक गतिरोधकावर गाडीचं पोट घासायचं. सड्यावरच्या, कातळाच्या पठारावरच्या, उखडलेल्या रस्त्यावर पाठीचा एकेक मणका मोजला जायचा. स्टिअरिंग हातात थरथरायचं. आपल्यालाच जमत नाही, असं त्या समजत राहिल्या. मुलगा जिचं कौतुक सांगतो, त्या गाडीत खोट कशी असेल?

डिसेंबरातल्या एका सकाळी सड्यावरून खाली उतरताना, वळणावर, रस्त्याला ओळीने तीन खळगे लागले. वेग फार नव्हता. पहिल्या खळग्यावर गाडी उडाली, दुसऱ्यावर मागचा भाग बाजूला सरकला, आणि मालिनीबाईंनी स्टिअरिंग फिरवलं तरी ती सरळच गेली. समोरून डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई येत होती. तिने भारा टाकला आणि ती मागे पळाली. गाडी कडेच्या गडग्याला, जांभ्या दगडांच्या बुटक्या भिंतीला, घासत थांबली.

त्या बाईचं नाव मैना. तिनेच दार उघडलं, पाणी दिलं. "लागलं काय ओ बाई?" असं तिने तीनदा विचारलं. ती दोन पावलं पुढे असती तर, एवढंच मालिनीबाईंच्या डोक्यात फिरत होतं.

रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला शिवाचं गॅरेज होतं; त्यांनी गाडी तिथे दाखवली. शिवा बारा वर्षं मुंबईला मोठ्या गॅरेजात काम करून गावी परतलेला. त्याने बॉनेटवर दोन्ही हात ठेवून अंगाचा सगळा भार टाकला. गाडी हलली नाही.

"बघा. हिला दबायला जागाच नाय," तो म्हणाला. "गुळगुळीत रस्त्यावर ही राणी हाय. पन आपला रस्ता खालीवर. चाकाने खड्ड्यात उतरायला पायजे, परत वर यायला पायजे. हिचं चाक उतरतच नाय, हवेत ऱ्हातं. हवेतल्या चाकाला तुम्ही कितीबी वळवा, काय उपयोग?"

मालिनीबाई एकवीस वर्षं नववीला स्प्रिंग शिकवत होत्या. ताण आणि लांबी यांचा आलेख त्यांनी फळ्यावर किती वेळा काढला असेल. तरी कडक म्हणजे चांगली, हे मुलाचं म्हणणं त्यांनी तपासून पाहिलं नव्हतं.

"मऊ केली तर वळणावर डोलेल ना?" त्यांनी विचारलं.

"लई मऊ नाय करायची. पुढचा जाड आडवा दांडा हाय, तो कलू देत नाय. तो तसाच ठेवू. स्प्रिंगा पुऱ्या लांबीच्या, शॉकअप त्यांना जुळतील असे, टायर थोडे अरुंद आणि उंच. पन एकदम सगळं नाय. एक बदलायचं, आठवडाभर चालवायचं, मग मला सांगायचं."

"मुलाला विचारून सांगते," त्या म्हणाल्या.

रविवारी मुकुलचा सिंगापूरहून फोन आला. मालिनीबाईंनी वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं. पण तो तिथल्या बंदराबद्दल, नव्या स्वयंपाक्याबद्दल बोलत राहिला आणि शेवटी म्हणाला, "गाडी कशी आहे?"

"छान आहे," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी शिवाकडे नेली. पहिल्या आठवड्यात स्प्रिंगा आणि त्यांच्या जोडीचे शॉकअप एकत्रच बसले. गाडी दोन बोटं उंच झाली. पण मागचा भाग गतिरोधकानंतर दोनदा उसळायचा. शिवाने मागचे शॉकअप पुन्हा बदलून दिले. मग टायर आले, मग सांध्यांमधले झिजलेले रबरी बुश, शेवटी चाकांची अलाइनमेंट. दर शनिवारी मालिनीबाई त्याला सांगत: उजव्या वळणावर बरी आहे, डावीकडे ओढते, ब्रेक मारला की नाक खाली जातं. शिवा खिडकीशी वाकून ऐकायचा. एकदा म्हणाला, "बाई, तुमच्यासारखं सांगनारं गिऱ्हाईक नाय मिळत."

जानेवारी संपता संपता, एका सकाळी त्या शाळेत पोचल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की वाटेत पाठीची आठवणच झाली नव्हती.

मुकुल जुलैत आला. सामान खाली ठेवायच्या आधी त्याने गाडी पाहिली.

"हे काय? बैलगाडी केलीस हिची!"

"जुन्या स्प्रिंगा पडवीत आहेत, गोणपाटात बांधून. गाडी तुझी आहे. शिवाकडे जाऊन परत बसव. मी एसटीने जाईन."

"मी एवढंच सांगितलं होतं ना तुला? एकच गोष्ट."

"हो," त्या म्हणाल्या. "सांगितलं होतंस."

तो जेवला नाही. तसाच गोणपाट डिकीत टाकून गाडी घेऊन गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा गाडी तशीच उंच होती. तो पडवीच्या पायरीवर बसला.

"शिवाने आधी मला वळणावर नेलं," तो म्हणाला. "गडग्यावर लाल रंग आहे अजून. मैना म्हणून कोणी होती, तिने सगळं सांगितलं. फोनवर का नाही बोललीस?"

"तू समुद्रात. ऐकून काय करणार होतास?"

"काही नसतं करता आलं. पण मला कळलं असतं."

मालिनीबाईंना हे उत्तर अपेक्षित नव्हतं. चुकलं का आपलं? चुकलंच. गाडीला हात लावण्यात नव्हे. ते वाक्य गिळण्यात.

"पुढच्या वेळी सांगेन," त्या म्हणाल्या. "आवडलं नाही तरी ऐकून घ्यायचं मात्र."

"घेईन." मग तो म्हणाला, "चांगली झाल्येय, खरं तर. खराब रस्त्यावर मी तिला एवढी कधी पळवू शकलो नव्हतो."

सुट्टी संपली तेव्हा त्याला स्टेशनवर सोडायला मालिनीबाईंनी गाडी काढली. या गाडीत तो पहिल्यांदाच चालवणाऱ्या आईशेजारी बसला होता. खाडीवरचा भाट्याचा पूल ओलांडून गाडी रत्नागिरीत शिरली, पुढे चढाला लागली. मालिनीबाईंनी गिअर खाली घेतला आणि वळणातून गाडी अशी सफाईने काढली की मुकुल त्यांच्याकडे बघतच राहिला.

"आई, तुला आवडते ही गाडी."

जीप पेट्यांसाठी होती, स्कूटर शाळेसाठी. आवडीचं त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही स्वतःला नाही.

"आवडते," त्या म्हणाल्या. "बेल्ट नीट लाव, पुढे रस्ता मोकळा आहे."