रूपसिंगचा तांडा

गावाचं नाव मी घेत नाही. पांढरकवड्याच्या अलीकडे, नागपूर-हैदराबाद सडकेवर हाये, एवढं पुरे झालं. तिथली माणसं अजून जित्ती हायेत अन् माझ्याच ठेल्यावर येऊन चा पितात. बशी तोंडाले लावून म्हणतात, जमनीच्या हाताले चव हाये. त्यायची तोंडं पाह्यली का अजूनबी माझ्या अंगाची आग होते.

आमचा तांडा सडकेपासून अर्धा कोस आत. आम्ही बंजारे. माझ्या सासऱ्याचा बाप बैलांवर मिठाच्या गोण्या लादून मुलूखभर फिरला. सासऱ्यानं नांगर धरला. माझ्या घरधन्यानं जिनिंगमध्ये मजुरी धरली, अन् तिथे पट्ट्यात त्याचा उजवा हात गेला. मंग घर कोण चालवणार? लेकरं होती, म्हातारा-म्हातारी होती. मी सडकेवर जिथे ट्रका थांबतात तिथे, बाभळीखाली, एक हातगाडी लावली. चा अन् भजे. त्या कढईवर आमचं घर उभं राह्यलं, दुसरं काही नव्हतं.

सासऱ्याले ते बिलकुल पटलं नाही. घरची सून डायवरांपुढे कपबशी धरते म्हणून तो माझ्या हातची भाकर खाली मान घालून खाये अन् उठून जाये. तसा तो माझ्याशी बोलतच नसे. आमच्यात सून सासऱ्यापुढे घुंगट घेते, तोंडातोंडी बोलत नाही, अन् त्याचं नाव तर मरेपर्यंत घेत नाही. पण न बोलण्यातबी फरक असते वो. त्याचं न बोलणं म्हणजे थुंकणं होतं.

सडकेच्या पलीकडे रामरावचं हाटेल. पत्र्याचं छप्पर, बसाले बाकडी, भिंतीवर देवाचे फोटो, सारा थाट. चा मात्र असा का तोंड धुवाले बरा. डायवर त्याचं हाटेल सोडून माझ्या गाडीवर येत अन् याच्या पोटात मुरडा उठे. रामराव पंचायतीत पंच होता. महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या साली पंचायतीनं दवंडी पिटवली: जो कोणी सडकेवर नाहीतर बाजारात खायचं इकते, त्यानं दिवाळीच्या आत परवाना घ्यावा, नाहीतर ठेला उठवल्या जाईल. डफडं फकिरा कोतवालानं वाजवलं, पण ते कोणाच्या सांगण्यावरून, हे साऱ्या गावाले ठाऊक होतं.

मी परवान्याले गेली. पंचायतीचा सेक्रेटरी घनश्याम. मले अक्षर येत नाही, म्हणून अर्ज तोच लिहून राह्यला होता. नाव विचारलं, सांगतलं. नवऱ्याचं नाव विचारलं, तर मी जिनिंगचा बिल्ला पुढे केला, त्याच्यावर ते होतं. मंग त्यानं विचारलं, कोणाच्या तांड्यात राहते?

आता हे समजून घ्या. तुमच्या गावाले जसं कायमचं नाव असते तसं आमच्या तांड्याले नसते. जो नाईक, त्याच्या नावाचा तांडा. नाईक मेला, दुसरा बसला, का तांड्याचं नाव बदललं. आमचा म्हातारा नाईक रूपसिंग त्याच साली चैतात गेला. त्याच्या जागी पागोटं बांधलं माझ्या सासऱ्याले. त्या दिवशी बकरे कापले, सारा तांडा जेवला. बाहेरचेबी पाहुणे होते. रामरावनं सासऱ्याच्या हातात नारळ देल्ला. अन् हाच घनश्याम मांडी घालून बसला अन् मागून मागून मटण खाल्लं. मीच वाढत होती, मले चांगलं आठवते.

तर मी काय सांगणार होती? तांड्याचं नाव म्हणजे माझ्या सासऱ्याचं नाव. चार माणसांत ते माझ्या जिभेवर येईल तरी कसं? मी म्हटलं, "रूपसिंगचा." झोपड्या त्याच, जमीन तीच, काल-परवापर्यंत नावबी तेच होतं. मले वाटलं, काय बिघडते. घनश्यामनं मान वर करून माझ्याकडे पाह्यलं, जरासा हसला, अन् तसंच लिहिलं. तो कायले हसला हे मले तिथेच कळाले पायजे होतं. नाही कळलं.

मंग फकिरा चौकशीले तांड्यात आला. विचारते, रूपसिंगचा तांडा हाच का? आमची माणसं चिडली. नवा नाईक बसला असताना मेलेल्याचं नाव घेणं म्हणजे नव्याचा अपमानच. त्यायनं फकिराले झापलं, रूपसिंगचा तांडा आता नाही, नाईक आता अमुक हाये, त्याच्या नावानं विचार. अन् सासऱ्याचं नाव ठणकावून सांगतलं. फकिरानं जसं ऐकलं तसं जाऊन सांगतलं. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही.

दिवाळी तोंडावर आली तशी मी परवाना आणाले गेली. रामराव तिथे खुर्ची टाकून बसेल होता. घनश्याम म्हणे, तुझा अर्ज खोटा. रूपसिंगचा तांडाच नाही. तांडा नाही तर राहते कुठे तू, सडकेवर? असल्या बाईले परवाना नाही. मी सांगतलं का सासऱ्याचं नाव घेता येत नाही म्हणून जुनं सांगतलं, आता दुरुस्त करा, तुम्हाले तर नाव ठाऊक हाये. तो म्हणे, लिहिलेलं खोडता येत नाही. नवा अर्ज पुढच्या साली. तोवर गाडी उचल.

माझं डोकं फिरलं. मी घुंगटातूनच म्हटलं, "सायेब, तुमची बायको घेते का तुमचं नाव?"

फकिरा दाराशी उभा होता, त्यानं तोंड फिरवलं. घनश्याम लालबुंद झाला. रामराव मात्र पायावर पाय टाकून मजेत बोलला. त्याचं म्हणणं असं, का एक तर बाईचा अर्ज खोटा, नाहीतर कोतवालाची चौकशी खोटी. दोन्ही खरं कसं होईल? नाईकानं इथे येऊन सांगावं का मी नाईक नाही, तांडा रूपसिंगचाच हाये. मंग चौकशी खोटी ठरेल, अन् परवाना याच घडीले देऊ. असं म्हणून तो हसला. त्याले पक्कं ठाऊक होतं, म्हातारा जीव देईल पण हे बोलणार नाही. मलेबी तेच ठाऊक होतं.

घरी येऊन मी सासूले सारं सांगतलं. म्हणजे सांगाचं सासूले अन् ऐकवाचं अंगणात बाजेवर बसलेल्या म्हाताऱ्याले. माझा राग काही खाली बसेना. मी म्हटलं, "पागोटं शिजवून लेकरांचं पोट भरते का, इचारा त्यायले." सासूनं माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हातारा उठला अन् न जेवता बाहेर गेला. आपण फार बोललो, हे मले समजलं, पण मले तेव्हा त्याची कीव नाही आली. सांगते ते खरं सांगते.

सकाळी पाह्यलं तर तो पागोटं बांधून तयार. माझ्याकडे न पाहता वाटेले लागला. मी मागून.

पंचायतीत घनश्यामनं त्याले विचारलं, तुम्ही कोण? ज्याच्या घरचं मटण खाल्लं त्याले विचारते, तुम्ही कोण! सासरा ताठ उभा राह्यला. म्हणाला, "मी नाईक नाही. तांडा रूपसिंगचा हाये. सून खरं बोलली."

रामरावचं हसू गेलं. मंग त्यानं कानामागे हात धरला अन् म्हटलं, ऐकू नाही आलं, जरा मोठ्यानं. सासऱ्यानं तेच पुन्हा, मोठ्यानं सांगतलं. ओसरीवर बाजाराची माणसं गोळा झाली होती, साऱ्यायनं ऐकलं. घनश्यामनं त्याचा अंगठा घेतला, फकिराले खोट्या चौकशीबद्दल चार शिव्या देल्ल्या, अन् माझा परवाना माझ्याकडे फेकला. तो मी जमिनीवरून उचलला.

सडकेवर आलो तशी मी त्याच्या पायावर डोकं ठेवाले वाकली. त्यानं पाय मागे घेतला. अन् माझ्या लग्नापासून पहिल्यांदा तो सरळ माझ्याशी बोलला.

"नाईकाची जबान एक असते. तिथे नाही म्हटलं, ते इथे होय म्हणू काय?"

मले वाटलं, रागात बोलून राह्यला. पण त्याच सांजी त्यानं नसाब बसवली, म्हणजे आमची तांड्याची पंचायत. मधात येऊन पागोटं सोडलं अन् सगळ्यांपुढे ठेवलं. जाणती माणसं हात जोडून समजावत होती का बाहेरच्यांपाशी बोललेलं खोटं मनावर घ्याचं नसते, पोटासाठी बोलला, कोणाचं काय नुकसान झालं? तो म्हणे, जो खोटं बोलला त्यानं दुसऱ्याचा न्याय करू नये. मी दुसऱ्या कोण्या नाईकाले माफ केलं नसतं. ते पागोटं मंग तांड्यातल्याच धावजीच्या डोक्यावर गेलं. माझा सासरा नाईक होता चैतापासून दिवाळीपर्यंत. पुरते आठ महिनेबी नाही.

माझी गाडी चालली. लेकरं शिकली, घरावर कौलं आली. सासऱ्यानं माझ्या गाडीवरचा चा शेवटपर्यंत तोंडाले लावला नाही. घरी माझ्या हातची भाकर खाये, पण आता मान खाली घालत नसे. अन् मलेच त्याच्याकडे पाहवत नसे.

परवाना दरसाली नवा करा लागते. दिवाळी आली का फकिरा चौकशीले तांड्यात येते, नाव इचारते. तांडा आता धावजीचा, पण साऱ्यायले शिकवून ठेवेल हाये. लहान-मोठे एका तोंडानं सांगतात, रूपसिंगचा तांडा. धावजी स्वतः सांगते. पंचायतीनं सडकेवर दगड रोवला त्याच्यावरबी तेच नाव हाये, अन् माझी गाडी त्या दगडाले लागूनच उभी असते. फकिरा आला का म्हातारा तेवढा बाजेवरून उठे अन् आत निघून जाये. आता म्हाताराबी गेला. त्याचं नाव कोण्या कागदावर नाही, कोण्या दगडावर नाही, अन् ज्या एका तोंडानं ते घेतलं असतं तर हे सारं टळलं असतं, त्या माझ्या तोंडातून ते आजबी निघत नाही.